आधी कागदाची वाट

१९९८ साली डिप्लोमा हातात घेऊन बाहेर पडलो तेव्हा सोलापुरात ‘लॅन’ म्हणजे काय हे सांगायला दोन टेबलांमध्ये दोरी बांधल्यासारखा हात करून दाखवावा लागे. वडील गिरणी कामगार, आणि गिरणी बंद पडलेली. घरातल्या एकानं तरी पुढे चालणाऱ्या धंद्यात जावं असं आईला वाटत होतं. नवी पेठेतल्या एका लहानशा गाळ्यात मी संगणक दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि हळूहळू ते एकमेकांना जोडून द्यायच्या कामात शिरलो. टॉवेलचे कारखाने, पतसंस्था, दवाखाने, शाळा, सुताचे व्यापारी असं करत शहर पायाखालून गेलं. काम संपलं की काय चुकलं ते एका वहीत लिहायचं, ही सवय पहिल्या वर्षीच लागली. त्या वहीतलं थोडं इथे उतरवतो आहे.

१. नेटवर्कचा आराखडा ऑफिसात बसून काढता येत नाही, हे मला एका शिपाई मामांमुळे कळलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. मालकांनी बारा संगणक दाखवले आणि म्हणाले, “हे सगळे जोडून द्या.” मी टेप लावून अंतरं मोजली, संध्याकाळी कोटेशन दिलं, आठवड्यात काम उरकलं. एका प्रिंटरवर सगळ्यांची बिलं निघायला लागली, मालक खूश झाले. दोन महिन्यांनी सहज गेलो तर मामा पूर्वीसारखेच फिरत होते, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. गेटवर सुताची गाडी आली की तिथली चिठ्ठी गोडाऊनला, गोडाऊनची मागच्या शेडला, शेडमधली डाइंगला, तिथून पॅकिंगला आणि शेवटी अकाउंटला. मी जोडलेले बाराही संगणक एका हॉलमध्ये होते, आणि त्या हॉलमधली माणसं तशीही मान वळवून एकमेकांशी बोलत होती. खरं अंतर होतं ते गेट, गोडाऊन आणि पॅकिंग यांच्यात. तिथे संगणक नव्हता, म्हणून तिथे आपलं काम आहे असं मला वाटलंच नाही. पुढच्या खेपेला मी मामांबरोबर एक अख्खा दिवस चाललो. कुठली चिठ्ठी कुठून निघते, कुठे पडून राहते, कोणाच्या सहीसाठी अडते, सगळं लिहून घेतलं. मग तीन जागी तीन जुने संगणक बसवले. त्याला पहिल्या कामाच्या पाव हिश्शाएवढाही खर्च आला नाही. मालकांना नेटवर्क घेतल्यासारखं वाटलं ते तेव्हा. आता कोणी बोलावलं की मी आधी एक दिवस मागून घेतो आणि कागदाच्या मागे चालतो. त्या दिवसाचे पैसे लावत नाही.

२. नेटवर्कचा फायदा बऱ्याचदा आधी भांडण होऊन येतो. त्याच कारखान्यात गोडाऊन आणि पॅकिंग जोडल्याच्या पहिल्याच आठवड्यात मालकांचा फोन आला, “तुमच्या मशिनीनं माल गायब केला.” गेलो तर गोडाऊनवाले आणि पॅकिंगवाले समोरासमोर उभे. दोघांचे आकडे जुळत नव्हते. शोधता शोधता कळलं की पॅकिंगला टॉवेल डझनात मोजत होते आणि गोडाऊनला किलोत, आणि एका डझनाचं वजन किती धरायचं हे प्रत्येकानं आपापल्या मनाशी ठरवलेलं होतं. हा फरक वर्षानुवर्षं होता. दोन वेगळ्या रजिस्टरांत असल्यामुळे महिन्याच्या शेवटी कोणीतरी मधला आकडा काढून तो मिटवत होतं. आकडा एकाच जागी आल्यावर लपायला जागा उरली नाही. चोरी कोणीच केली नव्हती, पण दोन दिवस एकमेकांवर संशय मात्र घेतला गेला. प्रिंटर वाचला, धावपळ वाचली, हे फायदे दुसऱ्या दिवशी दिसतात आणि कोटेशनमध्ये लिहिता येतात. सगळी संस्था एकाच आकड्यावर येते हा त्याहून फार मोठा फायदा आहे, आणि तो मिळेपर्यंत माणसांना त्रास होतो. हे मी आता आधीच सांगतो. सांगितल्यावर काही मालक गप्प होतात. ज्यांना तो एक आकडा सगळ्यांना दिसायला नको असतो, ते त्यानंतर फोन करत नाहीत.

३. स्वस्त काय आणि महाग काय हे वायरच्या लांबीवरून ठरवत होतो, ती माझी सर्वांत जुनी चूक. सुरुवातीच्या काळात आम्ही काळी गोल केबल टाकायचो. एका संगणकाच्या पाठीमागून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, प्रत्येक ठिकाणी टी आकाराचा जोड, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. एका ओळीत १८५ मीटरपर्यंत जाता येई. वायर कमी लागे, मधे पेटी लागत नसे, म्हणून ग्राहकाला परवडे. एका पतसंस्थेत मी असं काम केलं. मार्च अखेरीच्या दिवसांत, दुपारी अडीचला, सगळे संगणक एकदम थांबले. काउंटरसमोर रांग, आत व्याजाचे हिशेब अर्धवट. मी टेबलाखाली सरपटत एकेक जोड तपासत होतो आणि वर लोकांचे पाय दिसत होते. दीड तासानं सापडलं. सकाळी झाडताना केरसुणीच्या धक्क्यानं एका कोपऱ्यातला जोड सैल झाला होता. एका जागी तुटलं की सगळ्यांचं बंद, अशीच त्या रचनेची जात होती, आणि मला ते पुस्तकातून ठाऊक होतं. पैसे वाचतात म्हणून मी ग्राहकाला ते सांगितलं नव्हतं. पुढे प्रत्येक टेबलापासून मधल्या पेटीपर्यंत स्वतंत्र वायर टाकायची पद्धत आली. आधी हब होते, मग स्विच आले. वायर तिप्पट लागते, पण एक वायर तुटली तर एकच टेबल थांबतं. त्याच पतसंस्थेचे व्यवस्थापक नवीन कोटेशन बघून म्हणाले, “एवढी वायर कशाला हो?” मी त्यांना मार्चमधल्या त्या दुपारची आठवण करून दिली. तेव्हापासून नेटवर्क निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की बिघाड झाला तर किती जणांचं काम थांबलेलं चालेल. वेगाचा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

४. शंभर मीटर म्हणजे शंभरच मीटर. तांब्याच्या नेटवर्क केबलची ही मर्यादा मला पाठ होती आणि तरी मी एका ठिकाणी ऑफिसपासून डाइंगच्या शेडपर्यंत १४० मीटर केबल ओढली. मधे स्विच ठेवायला जागा नव्हती आणि मालकांना घाई होती. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास काम झालं, जानेवारीत सुरळीत चाललं. मे महिन्यात सोलापूरचं ऊन ४३ अंशांवर गेलं, पत्र्याखालून गेलेली ती केबल दुपारी हात लावू देईना, आणि रोज दोन ते पाच शेडचा संगणक दिसेनासा व्हायला लागला. तापलेल्या तांब्यात सिग्नल जास्त झिजतो, आणि मी आधीच मर्यादेबाहेर होतो. ते कसंबसं निभावलं. मग जूनमध्ये वळवाच्या पावसात वीज पडली, थेट कारखान्यावर नाही, कुठेतरी जवळपास. दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं. त्यांना जोडणारं तांबं एकच, माझं. ऑफिसचा स्विच, शेडचा संगणक आणि मधलं सगळं एका क्षणात जळालं. भरपाई मी माझ्या खिशातून केली, कारण चूक माझी होती. दोन इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबर टाकायची, हा नियम त्यानंतर कधी मोडला नाही. काचेतून वीज वाहत नाही आणि शंभर मीटरचं बंधनही नाही. त्या वेळी फायबर महाग वाटली होती. आज तिचा दर इतका उतरला आहे की दोन शेड तांब्यानं जोडायला कारणच उरलेलं नाही.

५. कोटेशनमध्ये लिहिलेला खर्च हा नेटवर्कचा सर्वांत लहान खर्च असतो. वायर, स्विच, रॅक, जॅक, मजुरी हे एकदाच. त्यानंतर येतं ते कोणी विचारलेलं नसतं. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि आम्ही त्याच्याभोवती दिवस बसवायचो. तेव्हा मला समजलं की सोलापुरात नेटवर्क म्हणजे आधी बॅटरी. स्विचला यूपीएस नसेल तर प्रत्येक टेबलावरचा यूपीएस निरुपयोगी, कारण सगळे संगणक चालू राहतात आणि एकमेकांना दिसत नाहीत. आणि बॅटरी उन्हात टिकत नाही. लेड-ॲसिड बॅटरीभोवतीचं तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. जिन्याखालच्या कोंदट कपाटात ठेवलेल्या बॅटऱ्या मी दोन उन्हाळ्यांत मेलेल्या पाहिल्या आहेत. सूतगिरण्यांत आणि लूमच्या शेडमध्ये कापसाचा बारीक तंतू हवेत तरंगत असतो. तो स्विचच्या पंख्यात जाऊन नमदा बनतो आणि पेटी आतल्या आत भाजते. उंदीर आहेत. दर वर्षीची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, सॉफ्टवेअरचं लायसन, नवीन माणूस आला की त्याला शिकवणं, आणि मुख्य म्हणजे संस्थेत एक असा माणूस जो या सगळ्यावर लक्ष ठेवेल. त्याचा पगार कोणी नेटवर्कच्या खात्यात धरत नाही. मी आता कोटेशनला दुसरं पान जोडतो, पाच वर्षांचं. ते बघून काही कामं हातची गेली. ज्यांनी ते पान वाचून होकार दिला त्यांच्याशी पैशावरून माझा कधी वाद झाला नाही.

६. लहान साधन पुरत असेल तर मोठं विकू नये, हे मी वारणेच्या गोष्टीवरून शिकलो. १९९८ सालीच, म्हणजे मी धंद्यात आलो त्याच वर्षी, वारणानगर परिसरात कोल्हापूर-सांगलीतली ७० गावं संगणकानं जोडायचा सरकारी आणि सहकारी असा एकत्र प्रकल्प सुरू झाला. तेव्हा त्याचं केवढं अप्रूप होतं. आमच्या सोलापूर जिल्ह्यातही साखर कारखाने भरपूर, त्यामुळे आपल्याकडेही असंच होणार, आपल्याला काम मिळणार, असं मी मनात धरून होतो. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी तिथे जाऊन बघितलं, तर गावातले संगणक मुख्यतः एकच काम करत होते, उसाच्या वजनाची, बिलाची, खताची माहिती गाव आणि कारखाना यांच्यात ने-आण करणं. तेवढ्यासाठी संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती चालू होती. त्यांनी ७ गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिलं, आणि काम झालं. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी ज्यांना विकलं होतं त्यातल्या किती जणांचं काम एका फोनवर झालं असतं, ते मोजत बसलो. वारणेच्या लोकांचा यात काहीच कमीपणा नाही. त्यांनी धाडस केलं, म्हणून तर इतरांना शिकता आलं. पुढे आमच्या मार्केट यार्डातल्या एका कांद्याच्या अडत्यांनी दोन गाळे आणि घर जोडून द्या म्हणून बोलावलं. दिवसभर त्यांच्या गादीजवळ बसलो. पट्टी हातानं लिहिली जात होती, आणि दुसऱ्या गाळ्याला फक्त दिवसाचा भाव आणि आलेल्या गाड्यांचा आकडा लागत होता. मी म्हणालो, “अण्णा, हे फोनवर होतंय की. पैसे कशाला घालता?” ते काम मिळालं नाही. त्यांनी पुढे पाठवलेली चार कामं मात्र मिळाली.

७. वायफाय की वायर, हा प्रश्न लोक आवडीनिवडीसारखा विचारतात. उत्तर भिंतीला विचारावं. जुन्या दगडी वाड्यांत थाटलेल्या ऑफिसांत एका खोलीतला सिग्नल दुसऱ्या खोलीत पोचत नाही. लूमच्या शेडमध्ये लोखंडाचीच गर्दी. ज्या टेबलाला पाय आहेत आणि जे जागचं हलत नाही, त्याला वायर. जी माणसं हातात काही घेऊन फिरतात, वॉर्डातल्या सिस्टर, गोडाऊनमधला मोजणी करणारा, त्यांना वायफाय. एवढंच.

८. हेडक्लार्क काकांच्या रजिस्टरला मी नावं ठेवली होती, आणि त्याच रजिस्टरनं संस्था वाचवली. ही गोष्ट सांगायला मला अजून जड जातं. एका शिक्षणसंस्थेत फी, पगार, दाखले सगळं नेटवर्कवर आणलं होतं. काका तरीही रोज संध्याकाळी दिवसभराच्या पावत्या हातानं लिहायचे, सुंदर अक्षरात, लाल शाईनं बेरीज. मी संचालकांसमोर म्हणालो होतो, “आता हे दुहेरी काम बंद करा, माणसाचा वेळ फुकट जातो.” काका काही बोलले नाहीत. त्यांनी लिहिणं सोडलं नाही, फक्त घरी नेऊन लिहायला लागले. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टनं त्याच्यावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता, पण अपडेट कोण करतंय. त्याच सुमारास त्या संस्थेच्या सर्व्हरवरच्या फायली अशाच एका विषाणूनं कुलूपबंद केल्या. सर्व्हरमध्ये दोन हार्डडिस्क होत्या, एकीवरचं दुसरीवर आपोआप उतरत होतं, आणि त्याला मी बॅकअप समजत होतो. विषाणूनं पहिली बिघडवली तशी दुसरीही लगेच बिघडली. पेनड्राइव्हवरचा बॅकअप होता, पण तो त्याच संगणकाला कायम लावलेला. तोही गेला. तीन महिन्यांची फी कोणी भरली, कोणी नाही, काही कळेना. तेव्हा काका घरून ते रजिस्टर घेऊन आले. आम्ही चौघांनी आठ दिवस बसून ते पुन्हा भरलं. मला वाटत होतं की जुनी माणसं बदलाला घाबरतात म्हणून अडून बसतात. काका घाबरले नव्हते. ४० वर्षं हिशेब सांभाळलेल्या माणसाला एकाच जागी ठेवलेल्या वस्तूचा भरवसा वाटत नव्हता, एवढंच होतं. आज मी तीन प्रती सांगतो, त्यातली एक इमारतीबाहेर आणि एक कुठल्याही वायरला न जोडलेली. आणि दर महिन्याला एकदा ती प्रत उघडून तिच्यातून खरंच काही परत मिळतं का ते बघायचं. न उघडलेल्या बॅकअपवर मी आता एक दिवसही विश्वास ठेवत नाही. काका निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो.

९. जी वाट आपल्या माणसाला उघडते ती चोरालाही उघडते, हे मला दुसऱ्याच्या नुकसानीतून कळलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये काढले. ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी गेले. कॉसमॉस म्हणजे शंभरी ओलांडलेली सहकारी बँक. आमच्याकडच्या लहान पतसंस्थांच्या संचालकांचे मला एका आठवड्यात अकरा फोन आले. सगळे विचारत होते, आपल्याकडे असं होईल का? मी प्रत्येक ठिकाणी जाऊन बघितलं आणि जे दिसलं त्यात माझाही हात होता. राउटरचा पासवर्ड कंपनीनं दिला तोच. सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळून एकच लॉगिन, संस्थेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. पाहुण्यांना दिलेला वायफाय आणि रोखपालाचा संगणक एकाच नेटवर्कवर. भिंतीवरचे सीसीटीव्ही बाहेरून कोणालाही उघडता येतील असे. हे सगळं सोयीसाठी केलेलं होतं. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देणं, पाहुण्यांचं आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं काढणं, माणूस सोडून गेला की त्याच संध्याकाळी त्याचं लॉगिन बंद करणं, याला फार पैसे लागत नाहीत. कंटाळा न करण्याची तयारी लागते. मोठमोठ्या फायरवॉलची कोटेशनं मी नंतर दिली. आधी सगळीकडे दोन महिने पासवर्ड बदलत फिरलो.

१०. दोन दोर बांधले म्हणजे आपण सुरक्षित, असं नसतं. ते कुठल्या खुंटीला बांधलेत ते बघावं लागतं. रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना २०१३ अखेरपर्यंत कोअर बँकिंगवर, म्हणजे सगळ्या शाखांचा हिशेब एकाच मध्यवर्ती यंत्रणेवर, यायला सांगितलं, आणि आमच्या कामाचं स्वरूपच पालटलं. आधी सर्व्हर शाखेत असायचा. इंटरनेट गेलं तरी काउंटर चालायचं. मग सर्व्हर दुसऱ्या शहरात गेला. लाइन गेली की शाखा थांबते. म्हणून एका संस्थेत मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या. मनात म्हटलं, आता चिंता नाही. सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं होतं, रस्त्यांची खोदाई जोरात होती. एका सकाळी जेसीबीचा एकच घाव बसला आणि दोन्ही लाइन एकदम गेल्या. दोन्ही कंपन्यांची फायबर एकाच चरातून गेलेली होती. बिलं दोन येत होती, रस्ता एक होता. त्यानंतर मी दुसरी लाइन घेताना कंपनीचं नाव विचारत नाही, ती कुठल्या बाजूनं इमारतीत येणार ते विचारतो, आणि शक्य तिथे दुसरी हवेतून घेतो. तरीही काही खुंट्या आपल्या हातात नसतात. ३१ जुलै २०२४ ला देशातल्या लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेला रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करणाऱ्या विषाणूचा, धोका दिसला, तेव्हा देशाची पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला त्या व्यवस्थेपासून तात्पुरतं तोडलं. जवळपास ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे पैशांचे व्यवहार अडकले. त्या बँकांच्या शाखांत वायर नीट होती, वीज होती, संगणक चालू होते. क्लाउड, म्हणजे दूरचा भाड्याचा सर्व्हर, घेऊ नका असं मी म्हणत नाही. दहा माणसांच्या संस्थेनं स्वतःचा सर्व्हर सांभाळण्यापेक्षा ते बहुतेक वेळा बरं पडतं. पण ज्या दिवशी दूरचं दार बंद होईल, त्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी काय करायचं, हे एका कागदावर लिहून त्यांच्या ड्रॉवरमध्ये असावं. छापील पावतीपुस्तकासकट.

११. नेटवर्कचा नकाशा माझ्या डोक्यात होता आणि त्याचा मला अभिमान होता. कुठल्या भिंतीतून कुठली वायर गेली, कुठला पासवर्ड कुठला, सगळं तोंडपाठ. ग्राहक म्हणायचे, तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही, आणि मला ते ऐकायला आवडायचं. २०२० च्या उन्हाळ्यात मी १७ दिवस दवाखान्यात होतो. पहिले काही दिवस फोन घ्यायच्या स्थितीत नव्हतो. नंतर फोन उघडला तर एका दवाखान्याचे तीस मिस्ड कॉल. त्यांचा मुख्य स्विच बंद पडला होता आणि बदली आणलेल्या स्विचला कुठली वायर कुठे लावायची ते कोणालाच कळत नव्हतं. साथीच्या त्या दिवसांत त्यांचे रिपोर्ट दोन दिवस हातानं वर-खाली नेले गेले, आणि जिने चढून ते नेणारी माणसं स्वतः धोक्यात होती. मी माझी गरज टिकवून ठेवली आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी दिली. बरा झाल्यावर पहिलं काम केलं ते हे की प्रत्येक ग्राहकाकडे जाऊन वायरींना नंबर घातले, नकाशा काढला, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवला. पासवर्ड पाकीटबंद करून संस्थेच्या तिजोरीत ठेवायला दिले. एक-दोन मित्र म्हणाले, असं केलंस तर उद्या ते दुसऱ्याला बोलावतील. काहींनी बोलावलंही.

तुमच्या ऑफिसात, शाळेत, पतसंस्थेत कुठेतरी असं एक लोखंडी कपाट असेल, आत हिरवे दिवे लुकलुकत असतील. उद्या सकाळी ते उघडा आणि आत नकाशा आहे का बघा. नसेल, तर ज्यानं वायर टाकली त्याला फोन करून बोलवा, चहा द्या, आणि तो नकाशा काढून देईपर्यंत त्याला सोडू नका.